सालईचा धूप: एका गैरसमजाचा इतिहास

यावल-रावेरपासून शिरपूरपर्यंत सातपुड्याच्या कोरड्या, खडकाळ उतारांवर सालईची झाडे आढळतात. तिची साल राखाडी-हिरवट असते आणि कागदासारख्या पापुद्र्यांनी सुटते. सालीला खाच पाडली की सुगंधी चीक पाझरतो आणि वाळून त्याचे पिवळसर खडे बनतात. हाच आपला धूप. इजिप्त आणि रोमच्या देवळांत जळणारा, बायबलमध्ये उल्लेखलेला प्रसिद्ध धूप याच झाडाचा होता, असे १९व्या शतकात काही दशके सर्रास मानले जाई.

याचे मूळ १८०७ साली 'एशियाटिक रिसर्चेस'मध्ये आलेल्या हेन्री कोलब्रुक यांच्या लेखात आहे. तोपर्यंत हा धूप नेमका कोणत्या झाडाचा, हे युरोपला ठाऊक नव्हते. लिनीयससारखा जाणकारही तो एका ज्युनिपरचा समजत असे. कोलब्रुक संस्कृतचे मोठे पंडित. संस्कृतात सालई म्हणजे शल्लकी, तिचा चीक म्हणजे कुंदुरु. आणि अरबीत त्या धुपाला म्हणतात कुंदुर! एवढे साम्य पाहून कोणाचीही खात्री पटावी. रॉक्सबर्ग यांनी केलेले झाडाचे वर्णन सोबत आले आणि 'बॉस्वेलिया सेराटा' हे नाव रूढ झाले.

वास्तविक उलट पुरावा जुन्या ग्रंथातच होता. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथात सिंधूच्या मुखावरील बार्बरिकोन बंदरात येणाऱ्या परदेशी मालाच्या यादीत हा धूप आहे. म्हणजे भारत तो आयात करीत होता. पण झाडच समोर आल्याशिवाय वाद मिटणार नव्हता. १८४४ ते १८४६ या काळात 'पॅलिन्युरस' या पाहणी-जहाजावरील मुंबईचे डॉक्टर हेन्री कार्टर यांना ते अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर दिसले. ते सालईचे भाऊबंद होते, सालई नव्हे.

पुढचे काम भायखळ्याच्या बागेशी, म्हणजे आजच्या जिजामाता उद्यानाशी निगडित असलेल्या जॉर्ज बर्डवुड यांनी केले. सोमाली किनाऱ्यावरची जिवंत झाडे मुंबईत मिळवून त्यांनी त्यांचा अभ्यास केला आणि १८७०च्या सुमारास लंडनच्या लिनिअन सोसायटीच्या ग्रंथात तीन नव्या जाती वर्णिल्या. एकीला कार्टर यांचे नाव दिले, दुसरीला गव्हर्नर फ्रिअर यांचे, आणि तिसरीला आपले सहकारी डॉ. भाऊ दाजी लाड यांचे: 'बॉस्वेलिया भाऊ-दाजियाना'. आज ही वेगळी जात मानत नाहीत, ती 'बॉस्वेलिया सॅक्रा'त जमा झाली आहे. आम्हाला याचे थोडे वाईट वाटते, हे कबूल करतो.

कोलब्रुक पूर्ण चुकले असेही नाही. प्रजाती तीच आहे, आणि बॉस्वेलिक आम्ले दोन्ही झाडांच्या राळेत सापडतात. फरक मुख्यतः तेलात आहे: सालईच्या तेलात बहुधा थुजीन अधिक, अरबी तेलात पिनीन. सालईचे तेल साबण व अत्तरांच्या धंद्यात जाते; १९८६ साली जम्मूच्या प्रयोगशाळेतील संशोधकांनी तिच्या राळेचा दाहशामक गुण प्रसिद्ध केला. आणि भुसावळ-खंडवा मार्गावरील नेपानगरच्या गिरणीत, जी १९५६ साली पंडित नेहरूंनी राष्ट्राला अर्पण केली, याच सालईच्या लाकडापासून वर्तमानपत्राचा कागद होऊ लागला.

नावांचा घोळ मात्र बाजारात अजून आहे. 'लुबान' हे अरबीत खऱ्या धुपाचे नाव. आपल्याकडे लोबान म्हणून मिळते ते बहुधा सुमात्राकडील स्टायरॅक्स झाडाचे बेंझॉइन, 'लुबान जावी'. त्याला व्हॅनिलासारखा गोडसर वास असतो, म्हणून ते स्वादद्रव्यांतही वापरतात. दोन्हींची पूड वेगवेगळ्या परीक्षानळ्यांत स्पिरिट घालून हलवा (जवळ दिवा नको). चोख बेंझॉइन जवळजवळ सगळे विरघळते. सालईच्या चिकातील तेल आणि राळ विरघळते, पण डिंक पांढुरका होऊन तळाशी राहतो.