तंजावरच्या वृद्धांच्या दारी स्वयंसेविका

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील तंजावर जिल्हा भाताचे कोठार म्हणून ओळखला जातो. मराठी वाचकाला हे नाव आणखी एका कारणाने जवळचे आहे. १६७५च्या सुमारास व्यंकोजीराजे भोसले यांनी येथे स्थापन केलेले मराठी राज्य १८५५ पर्यंत टिकले आणि त्या राज्याबरोबर आलेल्या कुटुंबांचे वंशज आजही या परिसरात आहेत. मात्र सरस्वती महाल ग्रंथालय आणि बृहदीश्वर मंदिर यांच्या पलीकडील आजचे तंजावर आपल्याकडे फारसे चर्चिले जात नाही. घरात एकट्या राहणाऱ्या, चालताना भिंतीचा आधार घेणाऱ्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांकडे कोणी पाहायचे, हा प्रश्न येथे मोठा होत आहे. महाराष्ट्रातील अनेक जिल्ह्यांनाही तो लवकरच तितक्याच तीव्रतेने भेडसावणार आहे.

२०११च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या १० कोटी ३८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. तामिळनाडूत हे प्रमाण १०.४ टक्के होते, तर महाराष्ट्रात ९.९ टक्के. केंद्र सरकारच्या तांत्रिक गटाने मांडलेल्या अंदाजानुसार तामिळनाडूतील प्रमाण २०२१ मध्ये १३.६ टक्के झाले आणि २०३१ पर्यंत ते १८.२ टक्क्यांवर जाईल. देशातील मोठ्या राज्यांपैकी केवळ केरळ या बाबतीत तामिळनाडूच्या पुढे आहे. जन्मदर घटला आणि आयुर्मान वाढले, ही दोन्ही राज्यांची कमाईच म्हटली पाहिजे. तिची दुसरी बाजू अशी, की वृद्ध आईवडिलांची जबाबदारी वाटून घेणारी मुले आता एक किंवा दोनच असतात आणि त्रिभुज प्रदेशातून ती बहुधा चेन्नई, तिरुप्पूर, सिंगापूर किंवा आखाती देशांत गेलेली असतात.

स्वावलंबन म्हणजे नेमके काय

वृद्धांचे स्वावलंबन हा शब्द भाषणांतून सहज वापरला जातो. वैद्यकीय भाषेत त्याचा अर्थ अगदी साधा आहे. अंघोळ करणे, कपडे घालणे, जेवणे, खोलीतल्या खोलीत चालणे, अंथरुणातून उठणे आणि शौचास जाणे या क्रिया दुसऱ्याच्या मदतीवाचून करता येतात का, एवढेच त्यात पाहिले जाते. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीत साठीपुढील सुमारे २४ टक्के व्यक्तींना यांपैकी किमान एका क्रियेत अडचण येत असल्याचे आढळले. स्वयंपाक, बाजारहाट, औषधे वेळेवर घेणे, पैशांचा हिशेब ठेवणे या कामांत अडचण असणाऱ्यांचे प्रमाण तर ४८ टक्के होते. पूर्णपणे एकटे राहणारे वृद्ध सुमारे सहा टक्के निघाले.

तंजावर, कुंभकोणम किंवा तिरुवैयारू येथील जुन्या वस्तीतील घर ज्यांनी पाहिले असेल त्यांना या आकड्यांचा अर्थ लगेच कळेल. रस्त्याला लागून ओटा, मग उंच उंबरठा, त्यामागे एकापुढे एक खोल्या, मध्ये उघडा चौक आणि शौचालय अगदी परसदारी. तरुण माणसाला ही पन्नास-साठ पावले जाणवतही नाहीत. पक्षाघाताने एक बाजू लुळी पडलेल्या सत्तरीच्या बाईला मात्र ती रात्री दोन वाजता ओलांडायची असतात. घरात राहणे तिच्या आवाक्यात आहे की नाही, हे बहुतेक वेळा या पावलांवरच ठरते.

छत्रांचा वारसा

आर्तांची सोय करण्याची परंपरा तंजावरला नवी नाही. मराठी राजांनी रामेश्वरच्या वाटेवर यात्रेकरूंसाठी छत्रे उभारली होती. १७९९च्या तहानंतर दुसऱ्या सरफोजीराजांकडे (कारकीर्द १७९८ ते १८३२) राज्यकारभार फारसा उरला नव्हता, तरीही छत्रे आपल्याच व्यवस्थेखाली राहावीत असा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी १८०१ मध्ये त्यांनी इंग्रज रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात छत्रांच्या कामाचे तपशीलवार वर्णन आहे. सर्व जातींच्या वाटसरूंना अन्न मिळे. वाटेत आजारी पडलेल्यांना वैद्य, औषध आणि पथ्याचे जेवण देऊन बरे होईपर्यंत ठेवून घेतले जाई. अनाथ मुलांचा सांभाळ आणि बाळंतिणींची शुश्रूषाही होत असे. ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्र त्याच सुमाराचे. राजांच्या धन्वंतरी महालात औषधे तयार होत आणि रुग्णांच्या नोंदी ठेवल्या जात. डोळ्यांच्या रुग्णांची काही टिपणे तर आजच्या नेत्रतज्ज्ञांनीही अभ्यासली आहेत.

या व्यवस्थेचे कौतुक करताना एक फरक ध्यानात ठेवावा लागतो. छत्र होते घर सोडून निघालेल्यांसाठी. घरातील वृद्ध ही कुटुंबाची जबाबदारी, हे त्या काळी गृहीतच होते आणि त्यासाठी कोणा राजाने यंत्रणा उभारण्याची गरज कोणाला वाटली नाही. आज नेमके तेच गृहीतक डळमळले आहे. मदत मागायला वाटसरू येतो तसा अंथरुणावरचा म्हातारा येऊ शकत नाही. त्याच्याकडे कोणीतरी जावे लागते.

औषध माणसाकडे

तामिळनाडू सरकारने ५ ऑगस्ट २०२१ रोजी कृष्णगिरी जिल्ह्यातील सामनपल्ली या गावी सुरू केलेली 'मक्कळै तेडि मरुत्तुवम' ही योजना याच विचारावर उभी राहिली आणि पुढे तंजावरसह राज्यभर नेण्यात आली. नावाचा अर्थ 'लोकांना शोधत जाणारे वैद्यक' असा सांगता येईल. योजना केवळ वृद्धांसाठी नाही. मधुमेह आणि उच्च रक्तदाब यांचे रुग्ण शोधून त्यांना घरपोच औषधे देणे हा तिचा गाभा. त्यामागील कारण २०२०च्या राज्यव्यापी पाहणीत दिसले होते. उच्च रक्तदाब असलेल्यांपैकी जेमतेम ७.३ टक्के लोकांचा रक्तदाब नियंत्रणात होता आणि मधुमेहींमध्ये हे प्रमाण १०.८ टक्के होते. सरकारी दवाखान्यात गोळ्या विनामूल्य मिळत असूनही ही स्थिती होती. गोळ्या आणण्यासाठी दर महिन्याला बसने जायचे, रांगेत उभे राहायचे आणि त्या दिवसाची मजुरी बुडवायची. ज्याला चालवतच नाही, त्याने तर काय करायचे?

योजनेतील मुख्य दुवा आहे महिला आरोग्य स्वयंसेविका. ती बचत गटाची सदस्य असते आणि शक्यतो त्याच परिसरात राहणारी. प्रशिक्षणानंतर तिला रक्तदाब मोजण्याचे यंत्र आणि साखर तपासण्याचे ग्लुकोमीटर मिळते. घरोघरी जाऊन ती तपासणी करते, संशय आल्यास रुग्णाला प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठवते, निदान झालेल्यांना औषधे नेऊन देते आणि ती घेतली जातात की नाही हेही पाहते. शेवटचे काम वाटते तितके सोपे नाही. एका डब्यात चार रंगांच्या गोळ्या असतात, अक्षर दिसत नाही आणि कोणती गोळी जेवणाआधी हे विसरायला होते. गावातलीच बाई हे समजावून सांगू लागली की म्हातारी माणसे ऐकतात, असा अनुभव देशभरच्या आरोग्य कार्यक्रमांचा आहे.

वृद्धांच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहेत ते या योजनेचे दुसरे दोन भाग. प्रत्येक विकास गटासाठी एक फिजिओथेरपिस्ट आणि परिहार सेवेची, म्हणजे वेदना व यातना कमी करणाऱ्या शुश्रूषेची एक परिचारिका नेमून त्यांना फिरण्यासाठी वाहन देण्यात आले. परिचारिका अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या जखमा धुते, लघवीची नळी बदलते आणि दर दोन तासांनी कूस कशी बदलावी हे घरच्यांना शिकवते. पाठीवर किंवा माकडहाडाजवळ होणाऱ्या शय्याव्रणांनी वृद्धांचा जीव जातो, ही गोष्ट आपल्या घरांमध्ये फार उशिरा कळते. फिजिओथेरपिस्ट पक्षाघाताच्या किंवा गुडघेदुखीच्या रुग्णाकडून व्यायाम करून घेतो, खाटेवरून खुर्चीवर सरकण्याची रीत दाखवतो. हाताची मूठ पुन्हा वळू लागली तर रुग्ण स्वतःचा घास स्वतः घेऊ शकतो. मूत्रपिंड निकामी झालेल्या काही रुग्णांना पोटातून घरीच डायलिसिस करण्यासाठी लागणाऱ्या द्रवाच्या पिशव्याही या योजनेतून पुरवल्या गेल्या.

योजनेचा एक कोटीवा लाभार्थी डिसेंबर २०२२ मध्ये शेजारच्या तिरुचिरापल्ली जिल्ह्यात नोंदवला गेला. असंसर्गजन्य आजारांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या आंतरसंस्था कृतिगटाचा पुरस्कार तिला २०२४ मध्ये मिळाला. लाभार्थींच्या संख्येपेक्षा २०२३-२४च्या दुसऱ्या पाहणीचा निष्कर्ष अधिक बोलका आहे. रक्तदाब नियंत्रणात असलेल्यांचे प्रमाण ७.३ वरून १७ टक्क्यांवर आणि साखर नियंत्रणात असलेल्यांचे १०.८ वरून १६.७ टक्क्यांवर गेले. वाढ लक्षणीय आहे. तरीही सहापैकी पाच रुग्णांचा आजार आटोक्यात नाही, हे त्याच आकड्यांतून निघते.

स्वयंसेवा आणि मानधन

या स्वयंसेविकांना सुरुवातीला दरमहा साडेचार हजार रुपये मानधन देण्यात आले. हे वेतन नव्हते, त्यामुळे त्याबरोबर येणारे निवृत्तिवेतन किंवा भविष्य निर्वाह निधी यांचा प्रश्नच उद्भवला नाही. आशा कार्यकर्त्यांपासून अंगणवाडी सेविकांपर्यंत हीच पद्धत देशभर रूढ आहे. रोज ठरावीक घरे फिरायची, नोंदी भरायच्या, वरिष्ठांना उत्तरे द्यायची आणि तरीही स्वयंसेविका म्हणवून घ्यायचे, यात विसंगती आहे. वृद्धांच्या सेवेचा भार अशा रीतीने पुन्हा गरीब घरांतील मध्यमवयीन स्त्रियांवर पडतो आणि त्यांच्या स्वतःच्या म्हातारपणाची तरतूद होत नाही, ही बाब नजरेआड करता येणार नाही.

केरळने यापेक्षा वेगळा मार्ग निवडला होता. कोळिकोड येथे १९९३ मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परिहार सेवा संस्था सुरू केली. त्या अनुभवातून शतकाच्या वळणावर मलप्पुरम जिल्ह्यात शेजारगटांचे जाळे उभे राहिले. शिक्षक, दुकानदार, विद्यार्थी, निवृत्त कर्मचारी आठवड्यातील काही तास काढत. रुग्णाजवळ बसणे, घरात तांदूळ आहे का पाहणे, मुलांच्या शाळेची चौकशी करणे ही कामे ते करत, तर जखमा आणि औषधे परिचारिका पाहत असे. खर्चाचा मोठा वाटा स्थानिक लोकांच्या लहान लहान देणग्यांतून उभा राहिला. २००८ मध्ये राज्य सरकारने परिहार सेवेचे धोरण जाहीर केले आणि पंचायतींनाही या कामात आणले. तेथील स्वयंसेवक खऱ्या अर्थाने स्वयंसेवक होते. अर्थात देणग्यांवर चालणारे काम सर्व गावांत सारखे उभे राहत नाही, आणि सरकारी योजनेचा फायदा तिथेच दिसतो. तामिळनाडूची रचना गरीब वस्तीपर्यंत पोहोचते, केरळची रुग्णाजवळ अधिक वेळ बसते.

पोटाचा प्रश्न

गोळ्या वेळेवर मिळाल्या तरी घरात राहण्यासाठी पैसा लागतोच. तामिळनाडूने वृद्धापकाळ निवृत्तिवेतन १९६२ मध्ये सुरू केले. २०११ मध्ये ते दरमहा एक हजार रुपये आणि २०२३ मध्ये बाराशे रुपये करण्यात आले. महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेखाली २०२३ मध्ये दीड हजार रुपये करण्यात आले. केंद्राचा वाटा मात्र साठ ते एकोणऐंशी वयोगटासाठी दोनशे रुपयांवरच वर्षानुवर्षे अडकून राहिला. तंजावरच्या दक्षिणेकडील पट्टुकोट्टै, पेरावुरणी, ओरत्तनाडू या तालुक्यांना १६ नोव्हेंबर २०१८च्या 'गज' चक्रीवादळाने झोडपले आणि नारळाच्या बागा आडव्या झाल्या. नवे झाड फळायला काही वर्षे जातात. ज्या वृद्ध शेतकऱ्यांची बाग हीच पेन्शन होती, त्यांच्यासाठी ती वर्षे कशी गेली असतील याची कल्पना करता येते.

तंजावरच्या मराठी कुटुंबांतील पुढची पिढीही बव्हंशी चेन्नई, बंगळूर आणि परदेशी पांगली आहे. मागे राहिलेल्या वडीलधाऱ्यांची बोली घरात दक्षिणी मराठी आणि दारी येणाऱ्या सेविकेशी तमिळ अशी चालते. त्यांच्या अडचणी शेजारच्या तमिळ घरांहून निराळ्या नाहीत.

मदत कोठे मागावी

ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ हा विनामूल्य राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक १ ऑक्टोबर २०२१ पासून देशभर सुरू करण्यात आला. निवृत्तिवेतन, कायदेशीर सल्ला, छळाची तक्रार किंवा बेघर वृद्धाची माहिती यासाठी सकाळी आठ ते रात्री आठ ही वेळ ठरवण्यात आली. निर्वाहखर्च न देणाऱ्या मुलांविरुद्ध २००७च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्याखाली उपविभागीय स्तरावरील न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो आणि तेथे वकिलाची गरज नसते. महाराष्ट्रात ज्येष्ठ नागरिक संघांचे जाळे जुने असून १९८० मध्ये स्थापन झालेला त्यांचा महासंघ 'फेस्कॉम' या नावाने ओळखला जातो. त्या संघांच्या सभांना येऊ शकणारे सभासद चालते-फिरते असतात. जे येऊ शकत नाहीत त्यांची यादी करून आठवड्यातून एकदा त्यांच्या घरी जाण्याचे काम कोणताही संघ हाती घेऊ शकतो, आणि त्यासाठी सरकारी आदेशाची वाट पाहावी लागत नाही.

रात्रीची सोय मात्र यांपैकी कोणत्याच व्यवस्थेत नाही. स्वयंसेविका दिवसा येते, परिचारिकेचे वाहन काही दिवसांनी. वृद्ध पडतात ते पुष्कळदा रात्री, अंधारात, परसदाराकडे जाताना. खाटेजवळ कमोडची खुर्ची, वाटेत एक दिवा, भिंतीला हाताचा गज आणि शेजाऱ्याकडे घराची दुसरी किल्ली, एवढ्या चार गोष्टी कोणत्याही योजनेविना होऊ शकतात. परदेशी असलेल्या मुलांनी पुढच्या सुट्टीत घरी आल्यावर प्रथम त्या करून घ्याव्यात.