बास्केटबॉल प्रशिक्षक संघटना, अमेरिकन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील बास्केटबॉल प्रशिक्षकांची, मुख्यत्वे महाविद्यालये व विद्यापीठे यांतील पुरुष-संघांच्या प्रशिक्षकांची, व्यावसायिक संघटना. ‘नॅशनल असोसिएशन ऑफ बास्केटबॉल कोचेस’ हे तिचे अधिकृत नाव. स्थापना १९२७. मुख्य कार्यालय मिसूरी राज्यातील कॅनझस सिटी येथे आहे. खेळाचे नियम करण्याचा किंवा स्पर्धांचे नियंत्रण करण्याचा अंतिम अधिकार या संघटनेकडे नाही. तथापि चेंडूचे टप्पे देत पुढे जाण्याचे कौशल्य बास्केटबॉलमध्ये टिकून राहिले ते प्रामुख्याने तिच्या संस्थापकांनी उभारलेल्या विरोधामुळे आणि महाविद्यालयीन संघांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली ती तिच्या पुढाकाराने. अधिकार नसताना खेळावर प्रभाव पाडणारी संस्था, म्हणून तिचा इतिहास उद्‌बोधक आहे.

बास्केटबॉलचा जनक जेम्स नेस्मिथ (१८६१–१९३९) याने मॅसॅचूसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे डिसेंबर १८९१ मध्ये हा खेळ प्रथम खेळविला. हिवाळ्यात बंदिस्त व्यायामशाळेत तरुणांना पुरेसा व्यायाम व्हावा, एवढाच त्यामागील हेतू होता. १८९८ मध्ये तो कॅनझस विद्यापीठात शारीरिक शिक्षणाचा अध्यापक म्हणून आला व तेथील पहिल्या संघाचा मार्गदर्शकही झाला. त्याच्या कारकीर्दीत संघाने ५५ सामने जिंकले व ६० गमावले; परंतु जय-पराजयाला त्याने फारसे महत्त्व दिले नाही. त्याचा शिष्य फॉरेस्ट क्लेअर ॲलन (१८८५–१९७४) याला एका महाविद्यालयाने प्रशिक्षक म्हणून बोलाविले, तेव्हा हा खेळ शिकवायचा नसतो, नुसता खेळायचा असतो, अशा आशयाचे उद्‌गार नेस्मिथने काढल्याचे सांगतात. आख्यायिकेचा भाग सोडला, तरी त्या काळी बास्केटबॉलचा प्रशिक्षक हा स्वतंत्र व्यवसाय मानला जात नव्हता, हे खरे. पुष्कळदा एकच शिक्षक फुटबॉल, बास्केटबॉल व मैदानी शर्यती या सर्वांची तयारी करवून घेत असे. घोगऱ्या दमदार आवाजामुळे ‘फॉग’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या ॲलनने मात्र प्रशिक्षणालाच आयुष्य वाहिले. कॅनझस विद्यापीठात त्याने १९०७–०९ व पुढे १९१९ ते १९५६ या काळात काम केले.

खेळाचे नियम आरंभी वेगवेगळ्या संस्था आपापल्या सोयीने ठरवीत. त्यांत एकसूत्रता यावी, म्हणून १९१५ मध्ये यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन, हौशी क्रीडापटूंची संघटना व महाविद्यालयीन क्रीडासंघटना यांची संयुक्त समिती स्थापन झाली. या समितीने १९२७ मध्ये, प्रशिक्षकांना पूर्वसूचना न देता, एक दूरगामी बदल जाहीर केला : खेळाडूने चेंडूचा एकच टप्पा द्यावा, त्याहून अधिक देऊ नये. चेंडू हाती घेऊन धावण्यास नेस्मिथच्या मूळ तेरा नियमांतच मनाई होती. त्यामुळे प्रतिस्पर्ध्यांनी चहूबाजूंनी घेरलेला खेळाडू चेंडू जमिनीवर आपटून तो पुन्हा स्वतःच घेऊ लागला व त्यातूनच ‘ड्रिबल’ हे कौशल्य विकसित झाले. विस्कॉन्सिन विद्यापीठाचा प्रशिक्षक वॉल्टर मीनवेल हा नव्या निर्बंधाचा पुरस्कर्ता होता. त्याची खेळपद्धती आखूड व जलद पासांवर आधारलेली होती. टप्पे देत धावणाऱ्या खेळाडूमुळे सांघिकता कमी होते व धक्काबुक्की वाढते, असा निर्बंधवाद्यांचा युक्तिवाद होता. तो अगदीच निराधार नव्हता. तथापि हा निर्बंध अंमलात आला असता, तर खेळाडूच्या वैयक्तिक चातुर्याला वाव देणारे खेळाचे एक प्रमुख अंगच लोपले असते.

ॲलनने या निर्णयाविरुद्ध देशभर निषेध संघटित केला. आयोवा राज्यातील डे मॉइन येथे भरणाऱ्या ‘ड्रेक रिलेज’ या मैदानी स्पर्धांसाठी अनेक प्रशिक्षक एकत्र येत; त्या निमित्ताने त्यांची बैठक घेण्यात आली व तीतून या संघटनेचा जन्म झाला. ॲलन हा तिचा पहिला अध्यक्ष होय. अखेर समितीला निर्बंध मागे घ्यावा लागला व ड्रिबल कायम राहिले. वाद वरकरणी चेंडूच्या टप्प्यांचा असला, तरी मुळात प्रश्न वेगळा होता. जे मैदानावर खेळ शिकवितात, त्यांना त्याच्या नियमांविषयी काही म्हणता येईल की नाही, हा तो प्रश्न होय. पुढील काळात प्रशिक्षकांच्या मताला नियमांच्या चर्चेत वजन प्राप्त झाले. प्रत्येक गोलानंतर मैदानाच्या मध्यावर चेंडू उडवून खेळ पुन्हा सुरू करण्याची जुनी प्रथा १९३७–३८ च्या हंगामापासून बंद झाली, तीमागे सॅम बॅरी, जॉन बन इ. प्रशिक्षकांचा आग्रह होता. परंतु त्यांचा प्रत्येक आग्रह मान्य झाला असे नाही. बास्केट दहाऐवजी बारा फुटांवर असावी, ही ॲलनची आयुष्यभराची मागणी कधीच स्वीकारली गेली नाही.

प्रशिक्षणाविषयी साशंक असलेल्या नेस्मिथचा या संघटनेने नेहमीच आदर केला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा पदकांच्या खेळांत प्रथमच समावेश झाला. तो सोहळा नेस्मिथला पाहता यावा, म्हणून संघटनेच्या पुढाकाराने निधी जमविण्यात आला. उघड्या मैदानावर, पावसात झालेल्या अंतिम सामन्यात अमेरिकेने कॅनडाला १९–८ असे हरविले. नेस्मिथच्या नावाने स्प्रिंगफील्ड येथे उभारलेल्या कीर्तिमंदिराची मूळ कल्पनाही संघटनेचीच. त्यातील पहिल्या मानकऱ्यांची निवड १९५९ मध्ये झाली व वास्तू १९६८ मध्ये खुली करण्यात आली.

संघटनेचे सर्वांत मोठे कार्य म्हणजे राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा. न्यूयॉर्कमधील क्रीडावार्ताहरांनी १९३८ मध्ये निमंत्रित संघांची स्पर्धा भरविली. तेव्हा राष्ट्रीय विजेता ठरविण्याचे काम महाविद्यालयांनीच करावे, असा विचार ओहायओ स्टेट विद्यापीठाचा प्रशिक्षक हॅरल्ड ओल्सेन याने मांडला. महाविद्यालयीन क्रीडासंघटनेच्या संमतीने प्रशिक्षक संघटनेने १९३९ मध्ये आठ संघांची स्पर्धा घेतली. इव्हॅन्स्टन (इलिनॉय राज्य) येथे २७ मार्च रोजी झालेल्या अंतिम सामन्यात ऑरेगन विद्यापीठाने ओल्सेनच्याच संघाला ४६–३३ असे पराभूत केले. या स्पर्धेत सु. अडीच हजार डॉलरची तूट आली व ती सोसणे संघटनेला शक्य नव्हते. तेव्हा महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने ही तूट भरून काढून स्पर्धेची जबाबदारी स्वीकारली. १९४० चा अंतिम सामना कॅनझस सिटी येथे झाला. त्यात इंडियाना विद्यापीठाने ॲलनच्या संघावर ६०–४२ असा विजय मिळविला आणि स्पर्धा फायद्यात आली. पुढे ती विस्तारत गेली. १९८५ मध्ये संघांची संख्या ६४ व २०११ मध्ये ६८ झाली. २०१० मध्ये तिच्या प्रक्षेपणाचा चौदा वर्षांचा करार १०·८ अब्ज डॉलरना झाला. अडीच हजार डॉलरसाठी हातची गेलेली स्पर्धा अशा रीतीने अमेरिकेतील एक अत्यंत किफायतशीर क्रीडासोहळा ठरली. संघटनेचे वार्षिक अधिवेशन मात्र आजही या स्पर्धेच्या अखेरच्या फेरीबरोबरच भरते.

खेळात पैसा आल्यावर प्रशिक्षकाच्या नीतिमत्तेचा प्रश्न तीव्र झाला. १९५१ मध्ये पैसे घेऊन सामन्यांतील गुणांचा फरक मुद्दाम कमी ठेवल्याच्या आरोपावरून न्यूयॉर्क व अन्य ठिकाणच्या खेळाडूंना अटक झाली. २००३ मध्ये काही गंभीर प्रकरणांनंतर संघटनेने प्रथम श्रेणीच्या विद्यापीठांतील मुख्य प्रशिक्षकांची नीतिविषयक बैठक शिकागोजवळ बोलाविली. तरीही २०१७ मध्ये खेळाडूंच्या भरतीतील लाचलुचपतीच्या आरोपांवरून चार साहाय्यक प्रशिक्षकांना अटक झाली. परवाना देण्याचा वा काढून घेण्याचा अधिकार नसलेल्या संघटनेला आचारसंहितेचा आग्रह धरता येतो, ती सक्तीने पाळून घेता येत नाही, हे यातून दिसून येते.

आर्थिक हक्कांच्या बाबतीतही प्रशिक्षकांना निर्णायक दाद मिळाली ती न्यायालयात. महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने १९९१ मध्ये एका वर्गातील साहाय्यक प्रशिक्षकांच्या वार्षिक मिळकतीवर १६,००० डॉलरची मर्यादा घातली. काही प्रशिक्षकांनी दावा लावला, मर्यादा बेकायदेशीर ठरली आणि १९९९ मध्ये ५·४५ कोटी डॉलर भरपाईवर तडजोड झाली.

कृष्णवर्णीय प्रशिक्षकांना या व्यवसायात स्थान मिळविण्यासाठी प्रदीर्घ झगडा करावा लागला. नेस्मिथचा विद्यार्थी जॉन मॅक्‌लेंडन याला १९३०–४० या दशकात कॅनझस विद्यापीठात शिक्षण घेता आले, पण संघातून खेळता आले नाही. त्याच्याच मार्गदर्शनाखाली टेनेसीमधील एका कृष्णवर्णीय महाविद्यालयाच्या संघाने १९५७ ते १९५९ अशी सलग तीन वर्षे लहान महाविद्यालयांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. कृष्णवर्णीय प्रशिक्षकांची स्वतंत्र संघटना १९८८ मध्ये अस्तित्वात आली. त्यापूर्वीच, १९८१ मध्ये, महिला-संघांच्या प्रशिक्षकांनी आपली वेगळी संघटना स्थापन केली होती. विद्यापीठीय क्रीडाप्रवेशासाठी प्रमाणित परीक्षांच्या गुणांची अट कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना जाचक ठरते, ही जॉन टॉम्प्सनप्रभृतींची तक्रार होती. तिच्या निषेधार्थ टॉम्प्सनने जानेवारी १९८९ मध्ये सामना सुरू होण्याच्या सुमारास मैदान सोडले. २०२० मध्ये ही अट रद्द करावी, अशी मागणी प्रशिक्षक संघटनेनेच केली व २०२३ मध्ये ती मान्य झाली.

संघटनेच्या इतर उपक्रमांत प्रशिक्षण-वर्ग, उत्कृष्ट प्रशिक्षक व खेळाडू यांचे गौरव आणि मिसूरी विद्यापीठाचा प्रशिक्षक नॉर्म स्ट्यूअर्ट याच्या प्रेरणेतून सुरू झालेली कर्करोगविरोधी निधिसंकलनाची मोहीम यांचा समावेश होतो. टप्प्याच्या वादातून जन्मलेल्या या संघटनेला खेळाचे स्वामित्व लाभले नाही आणि स्वतः निर्माण केलेली स्पर्धाही तिच्या हाती राहिली नाही. परंतु नियम करणाऱ्यांनी खेळ शिकविणाऱ्यांचे म्हणणे ऐकले पाहिजे, हे तत्त्व तिने रुजविले. नेस्मिथला नुसता खेळण्यापुरता वाटलेला खेळ शिकविणे हा एक प्रतिष्ठित व्यवसाय ठरला, यातच तिच्या कार्याचे सार आहे.