वेदाध्ययनाचा अधिकार आणि विद्यापीठ

एकोणिसाव्या शतकात वेद छापले गेले, ही भारतीय विद्येच्या इतिहासातील सामान्य घटना नव्हे. मॅक्स म्युलर यांनी सायणभाष्यासह संपादिलेल्या ऋग्वेदाचे सहा खंड १८४९ ते १८७४ या काळात प्रसिद्ध झाले. गुरूने अधिकार पाहून द्यावयाचा ग्रंथ असा ग्रंथालयाच्या फळीवर येऊन बसला. वाचकाची जात वा धर्म विचारण्याची सोय पुस्तकाजवळ नसते. अध्यापकाजवळ ती होती. या दोहोंमधील ताण १९१० साली कलकत्ता विद्यापीठात उघड झाला.

त्या वर्षी मुहम्मद शहीदुल्ला संस्कृत विषय घेऊन बी. ए. ऑनर्स झाले व एम. ए.साठीही त्यांनी संस्कृतच निवडले. अभ्यासक्रमात वेद होता आणि वेदाचे अध्यापक पंडित सत्यव्रत सामश्रमी यांनी मुसलमान विद्यार्थ्यास तो शिकविण्याचे नाकारले. सामश्रमी आधुनिक विद्येला पारखे नव्हते. बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेसाठी सामवेद त्यांनीच संपादिला होता. जो वेद त्यांनी मुद्रणाद्वारे सर्वांपुढे ठेवला, तोच मुखाने देण्यास ते तयार नव्हते. जुन्या परंपरेत वेदाध्यापन हे संस्कारापासून वेगळे काढता येत नाही. प्रवेश आणि परीक्षा यांवर चालणाऱ्या विद्यापीठात मात्र या भेदाला जागा नव्हती.

कुलगुरू आशुतोष मुखर्जी यांच्या पाठिंब्याने शहीदुल्ला तौलनिक भाषाशास्त्राकडे वळले व १९१२ साली त्या विषयात एम. ए. झाले. या तोडग्याने एका गुणी विद्यार्थ्याचे शिक्षण वाचले. मूळ प्रश्न मात्र अनिर्णितच राहिला. १९२१ साली सुरू झालेल्या ढाका विद्यापीठात शहीदुल्ला संस्कृत व बंगाली विभागात अध्यापक झाले आणि १९२८ मध्ये कण्ह व सरह यांच्या गूढगीतांवरील त्यांचा फ्रेंच प्रबंध पॅरिस येथे प्रसिद्ध झाला.

हा प्रश्न केवळ धर्मभेदाचा होता, असे म्हणता येत नाही. मुंबईत शिकत असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनाही संस्कृत घेण्याची इच्छा होती. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेल्याने त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी स्वप्रयत्नाने संस्कृत आत्मसात केले आणि शास्त्रग्रंथांची कठोर चिकित्सा केली.

२०१९ साली काशी हिंदू विश्वविद्यालयात संस्कृतविद्या धर्मविज्ञान संकायातील एका मुस्लीम अध्यापकाच्या नेमणुकीविरुद्ध विद्यार्थ्यांनी आंदोलन केले. अखेरीस ते अध्यापक कला संकायाच्या संस्कृत विभागात गेले. १९१० मध्ये शिकू पाहणाऱ्याचा अधिकार वादग्रस्त ठरला होता. येथे शिकविणाऱ्याचा ठरला. दोन्ही वेळी व्यक्तीला शेजारच्या दाराने आत घेतले गेले आणि मुख्य दाराविषयीचा निर्णय लांबणीवर पडला.