चित्रकथा आणि बालवाचक : १९५४ चा एक निवाडा

मुलांनी चित्रकथा वाचाव्यात की नाही, या प्रश्नाचा निकाल अमेरिकेत १९५४ मध्येच लागला, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. त्या वर्षी डॉ. फ्रेड्रिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञांचा ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. कॉमिक्स मुलांना गुन्ह्यांकडे वळवितात आणि त्यांचे वाचनही बिघडवितात, असा त्यांचा दुहेरी आरोप होता. सिनेटच्या उपसमितीने साक्षी घेतल्या. प्रकाशकांनी त्याच वर्षी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली.

वर्थम हे सनातनी वृत्तीचे टीकाकार नव्हते, हे येथे नमूद केले पाहिजे. न्यूयॉर्कमधील हार्लेम वस्तीत निर्धन कृष्णवर्णीयांसाठी त्यांनी उपचारकेंद्र चालविले होते; शाळांतील वर्णभेदाविरुद्ध न्यायालयात साक्षही दिली होती. म्हणूनच त्यांच्या शब्दाला वजन आले. परंतु त्यांची कागदपत्रे २०१० मध्ये अभ्यासकांना खुली झाली, आणि २०१२ मध्ये कॅरोल टिली यांनी दाखवून दिले की, मुलांच्या तोंडची वाक्ये त्यांनी बदलली होती व अनेक मुलांची हकीकत एकाच मुलाच्या नावावर घातली होती.

वाचनासंबंधीचा आरोप तर ग्रंथापूर्वीच तपासला गेला होता. १९४१ मध्ये रॉबर्ट थॉर्नडाइक यांनी सुपरमॅन, बॅटमॅन इत्यादींच्या अंकांतील शब्दांची मोजदाद केली. एका अंकात सुमारे १०,००० शब्द, आणि त्यांत नित्य वापरातील पहिल्या सहस्र शब्दांपलीकडचे निरनिराळे शब्द सुमारे १,००० आढळले. ही गणना मोलाची खरी. तथापि ती चित्राला शून्य धरते. पात्राच्या मुखाशी काढलेल्या फुग्यात ‘हे घे’ एवढेच शब्द असले, तर कोण, कोणास, काय देतो हे चित्रातूनच काढावे लागते. दोन चौकटींच्या मध्ये काय घडले, ते तर कोठेच छापलेले नसते. तेथे मूल अनुमान करीत असते. वाचन म्हणजे याहून निराळे काय, हा प्रश्न वर्थम यांना पडलेला दिसत नाही.

आर्ट स्पीगलमन यांच्या ‘माउस’ या चित्रकादंबरीला १९९२ मध्ये विशेष पुलित्झर पारितोषिक मिळाले. तीत वृद्ध पिता नात्सी छळछावणीच्या आठवणी पुत्राला सांगतो, त्या स्थलांतरिताच्या मोडक्या इंग्रजीत. चित्रांतील भूतकाळात मात्र तोच गृहस्थ अस्खलित बोलतो. कारण पोलंडमध्ये तो आपल्या नित्याच्या भाषेत बोलत आहे. परभाषेत माणूस किती उणा वाटू लागतो, हे बालवाचकाला एकाच पानावर दिसते. व्याकरणाच्या तासाला ते शिकविणे कठीण. टेनेसी राज्यातील मॅकमिन परगण्याच्या शालेय मंडळाने जानेवारी २०२२ मध्ये हा ग्रंथ आठवीच्या अभ्यासक्रमातून काढून टाकला. असभ्य शब्द, नग्नता, हिंसा आणि आत्महत्येचे चित्रण, ही त्याची कारणे देण्यात आली. ग्रंथ नेमलेला होता तो ज्यूंच्या संहाराच्या पाठासाठी.