सहाव्या गोळीनंतर

जुन्या मराठी रहस्यकथांतला नायक खिशातून ‘सहाबारी’ काढत असे. शस्त्राच्या नावातच गोळ्यांची मोजदाद होती. सहा पुरतील का, असा प्रश्न त्याला पडत नसे. अमेरिकेत तो पडला. मात्र स्वसंरक्षणासाठी पिस्तूल बाळगणाऱ्या सामान्य नागरिकाला त्याचे उत्तर मिळाले ते पोलिसांच्या एका चकमकीतून.

मुळात सहा हा आकडाही पुरता खरा नव्हता. कोल्टच्या १८७३च्या रिव्हॉल्व्हरला सहा घरे होती. पण हॅमरखाली काडतूस असले तर नुसत्या धक्क्याने बार उडण्याची भीती. म्हणून जाणते लोक पाचच भरत. १९५० साली स्मिथ अँड वेसनने कपड्यांखाली लपेल असे छोटे रिव्हॉल्व्हर काढले, तेही पाच गोळ्यांचे. सिलिंडर बारीक करायचा तर एका घरावर पाणी सोडावे लागते. अधिक गोळ्यांचे पिस्तूल तेव्हा उपलब्ध नव्हते असे नाही. बेल्जियममध्ये १९३५ साली आलेल्या ब्राउनिंग ‘हाय पॉवर’च्या मॅगझिनमध्ये तेरा मावत. तरी बहुतेक अमेरिकन पोलीस पुढे कित्येक दशके सहांवर समाधानी होते.

या समाधानाला मोठा तडा गेला ११ एप्रिल १९८६ रोजी, मायामीत. एफबीआयच्या आठ एजंटांनी प्लॅट आणि मॅटिक्स या दोन दरोडेखोरांची गाडी अडवली. पाच मिनिटांच्या आत दोन एजंट ठार झाले, पाच जखमी. एकाच्या हाताला अशी जखम झाली की त्याला रिव्हॉल्व्हर पुन्हा भरताच आले नाही. जेरी डव्ह या एजंटाची गोळी प्लॅटचे फुप्फुस भेदून हृदयाच्या जरा अलीकडे थांबली, आणि प्लॅट लढतच राहिला. एफबीआयने दोन धडे घेतले: गोळी अधिक खोल जायला हवी आणि रिव्हॉल्व्हरचे दिवस संपले.

पहिला धडा समजण्यासारखा आहे. दुसऱ्याविषयी मला शंका वाटते. आठांपैकी तिघांकडे त्या दिवशीही अधिक गोळ्यांची पिस्तुले होती आणि मरण पावलेले दोघे, डव्ह व ग्रोगन, त्या तिघांतलेच. एजंटांची सर्वाधिक हानी केली ती प्लॅटच्या रायफलीने. चकमक अखेर संपवली एडमंडो मिरेलेसने, एक हात निकामी झालेला असताना. आणि ती संपवताना त्याच्या हातात रिव्हॉल्व्हर होते.

पण धडा पसरला. मायामी ज्या राज्यात आहे त्या फ्लोरिडाने पुढच्याच वर्षी, १९८७ साली, निकषांत बसणाऱ्या अर्जदाराला लपवून शस्त्र बाळगण्याचा परवाना दिलाच पाहिजे असा कायदा केला. इतर अनेक राज्येही त्या वाटेने गेली. परवानाधारक दुकानात गेला की पोलिसांकडे काय आहे हे विचारू लागला. वास्तविक त्याची गरज वेगळी. त्याला दरोडेखोरांचा पाठलाग करायचा नसतो. जमले तर निसटायचे असते. शिवाय दिवसभर कमरेला बोचणारे जड पिस्तूल लवकरच घरच्या कपाटात जाते.

१९९४ साली केंद्रीय कायद्याने नागरिकांसाठीच्या नव्या मॅगझिनवर दहा गोळ्यांची मर्यादा घातली. तिचा परिणाम मात्र विचित्र झाला. दहाच मिळणार असतील तर सतरांच्या मापाचे धूड कशाला वागवायचे? १९९५ साली ग्लॉकने दहा गोळ्यांचे आखूड पिस्तूल बाजारात आणले. २००४ साली कायद्याची मुदत संपली, पण लहान पिस्तुलांची चटक राहिली. २०१८ साली सिग सॉअरने जेमतेम इंचभर जाडीच्या पिस्तुलात दहा गोळ्या बसवल्या.

या सगळ्या हिशेबात न लागलेल्या गोळ्या कुठेच धरलेल्या नाहीत. न्यू यॉर्क पोलिसांविषयीच्या रँड संस्थेच्या २००८च्या अहवालानुसार, समोरूनही गोळीबार होत असताना त्यांच्या गोळ्यांपैकी सुमारे १८ टक्केच लक्ष्याला लागत, आणि ही तर प्रशिक्षित माणसे. २४ ऑगस्ट २०१२ रोजी सकाळी एम्पायर स्टेट इमारतीबाहेर दोन पोलिसांनी एका सशस्त्र खुन्यावर सोळा गोळ्या झाडल्या. तो ठार झाला. त्या गोळ्यांनी आणि त्यांच्या उडालेल्या तुकड्यांनी पदपथावरची नऊ माणसेही जखमी झाली.