नाण्याला गुण किती?

लक्ष्मीपूजनाच्या ताटात जुना चांदीचा रुपया ठेवण्याची रीत आपल्याकडे घरोघर आहे. वर्षभर तो फडक्यात बांधलेला असतो. दिवाळी आली की बाहेर निघतो, चिंचेने किंवा रांगोळीने घासून लख्ख होतो, हळदकुंकू लावून घेतो आणि पुन्हा कपाटात जातो. त्याची किंमत किती, हे सहसा कोणी विचारीत नाही. आमच्या घरात यंदा ते विचारले गेले, आणि उत्तर शोधता शोधता मला दोन हजार वर्षे मागे जावे लागले.

आमच्या काकांचे देवरीच्या बाजारात धान्याचे दुकान होते. नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचे, छत्तीसगडच्या सीमेजवळचे हे गाव. अडीअडचणीला कोणी जुना रुपया घेऊन आला, तर काका तो चांदीच्या भावाने ठेवून घेत आणि बिस्किटांच्या डब्यात टाकीत. काका गेले तेव्हा त्या डब्यातून ४१ नाणी निघाली. व्हिक्टोरिया राणीपासून पंचम जॉर्जपर्यंतचे २४ रुपये, १२ शिवराया, कंपनी सरकारचे ४ तांब्याचे पाव आणे आणि फारसी अक्षरांचा एक जाड रुपया. चुलतभावाच्या मुलीला नर्सिंगच्या शिक्षणाला पाठवायचे आहे, फीची तारीख जवळ आली आहे. एका व्यापाऱ्याने त्याला सांगितले की, आधी नाण्यांची प्रतवारी करून आणा, मग भावाचे बोलू.

"दादा, नंबर पडल्याबिगर भाव येत नाही म्हणतात," भाऊ मला म्हणाला. "आणि गुण देणं हा तर तुझाच धंदा!" काकूंचे म्हणणे एवढेच की, विकायचे तर विका, पण फसू नका. आणि निर्णय माझ्यावर सोपवून दोघेही मोकळे झाले.

नाणे पारखून घेणे ही काही आजची गोष्ट नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'रूपदर्शक' नावाचा अधिकारी आहे. चलनातील नाणी तपासणे हे त्याचे काम. त्या तपासणीचे शुल्कही तिथे सांगितले आहे, शेकडा एक-अष्टमांश. पुढे राज्ये बदलली, पण पारखी बदलला नाही. नाणावटी, पोतदार, सराफ ही आडनावे त्याच धंद्यातून आली. मराठी राज्यात एकाच बाजारात नाना टांकसाळींचे रुपये चालत. कोणात चांदी अधिक, कोणात कमी. सराफ रुपया दगडावर वाजवून पाही, तोलून पाही, शंका आली तर त्यावर बारीक छिद्र पाडी किंवा आपला छोटा ठसा मारी, आणि मग बट्टा सांगे. 'खणखणीत नाणे', 'नाणे वाजवून घेणे' हे शब्दप्रयोग त्या दगडावरच जन्मले आहेत. १८३५ साली कंपनी सरकारने सर्वत्र एकच रुपया सुरू केला, १८० ग्रेन वजनाचा आणि बारा भागांत अकरा भाग चांदीचा. तेव्हापासून बट्ट्याचा धंदा हळूहळू बसत गेला.

मात्र सराफ पाही ते नाण्याच्या पोटात, आजचा प्रतवारीवाला पाहतो ते मुख्यतः नाण्याच्या तोंडावर. त्याची मोजपट्टी अमेरिकेतली. विल्यम शेल्डन नावाच्या संग्राहकाने १९४९ साली तिकडच्या जुन्या मोठ्या तांब्याच्या सेंटांसाठी १ ते ७० असे गुण ठरवले. अगदी झिजून गेलेल्या नाण्याची जी किंमत, तिच्या सत्तरपट किंमत निर्दोष नाण्याची, असा त्याचा मूळ हिशेब होता. तो किमतीचा हिशेब टिकला नाही, गुण मात्र टिकले. १९८६ आणि १९८७ साली तिथे दोन मोठ्या कंपन्या निघाल्या. त्या नाणे भिंगाखाली तपासतात, खरेखोटे ठरवतात, गुण देतात आणि पारदर्शक डबीत ते कायमचे बंद करतात. यात एक न्याय आहे, तो मान्य केला पाहिजे. विकत घेताना नाणे 'साधारण' म्हणायचे आणि विकताना तेच 'उत्तम' म्हणायचे, ही व्यापाऱ्याची जुनी खोड. गुण डबीवर छापले की तिला आळा बसतो.

पण या परीक्षेत आमच्या डब्याचे काय होणार? घासूनपुसून चकचकीत केलेल्या नाण्याला या कंपन्या सहसा गुणच देत नाहीत. 'नाणे खरे, पण साफ केलेले' असा शेरा मारून परत करतात. कडी डाखलेल्या नाण्याचेही तेच, भोक पाडलेल्याचेही तेच. आमच्या २४ रुपयांपैकी ११ रुपयांना डाखाची खूण आहे. आमच्या भागात बायका रुपयांची माळ गळ्यात घालीत. ती मोडून एखाद्या वर्षीचे बियाणे आले असेल, एखाद्या मुलाचे औषध आले असेल. परीक्षक ज्याला दोष म्हणेल, तो त्या घराचा इतिहास आहे.

असा इतिहास लहान असतो असे कोणी म्हणेल, म्हणून मोठा सांगतो. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, सारी क्षत्रप नहपानाची. त्यांतल्या दोन-तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा उमटवलेली होती. नहपानाचा चेहरा कुठे अर्धा पुसलेला, कुठे नाकावरच सातवाहनांचे चिन्ह बसलेले. केवळ 'तोंड किती शाबूत' एवढेच पाहणारा परीक्षक अशा नाण्याला काय गुण देईल? पण गौतमीपुत्राने नहपानाची सत्ता मोडली, याचा याहून बोलका पुरावा नाही. सूर्य मावळला आणि दुसरा उगवला, हे त्या एका रुपेरी चकतीवर एकावर एक लिहिलेले आहे.

आपल्या विदर्भातलेच दुसरे उदाहरण घ्या. १९३९ साली तेव्हाच्या अकोला, आताच्या वाशीम जिल्ह्यातील तऱ्हाळा गावी सुमारे १,६०० सातवाहन नाणी सापडली. सोने नाही, चांदी नाही. तांबे, कथील, शिसे यांच्या पोटीन नावाच्या मिश्रधातूची काळपट नाणी. रस्त्यात पडली तर मुले लगोरी खेळतील अशी. नागपूरच्या वा. वि. मिराशींनी ती एकेक करून वाचली, आणि पुराणांच्या याद्यांत ज्यांचा पत्ता नव्हता असे कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी यांसारखे राजे त्यांतून पुढे आले. तिथे मोल चकाकीला नव्हते. अक्षर वाचणाऱ्या डोळ्याला होते, आणि सगळी नाणी एकत्र राहिली याला होते.

हे कळल्यावर मी डब्यातील नाणी कागदावर मांडली आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला : तुला गुण हवेत, की वाचणारा हवा?

व्हिक्टोरिया राणीचे बहुतेक रुपये लाखोंनी पाडलेले आहेत. आमचे तर झिजलेले. प्रतवारीचा खर्चच त्यांना जड होईल. त्यांचा भाव चांदीचा आणि वर थोडासा. शिवराईचेही तसेच. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. महाराजांच्या मागेही कितीतरी वर्षे हा पैसा चालत राहिला. अर्धे अक्षर चकतीबाहेर गेलेले, कडा वेड्यावाकड्या. हातोड्याने पाडलेल्या नाण्याला यंत्राच्या नाण्याची मोजपट्टी लावणे म्हणजे वहीतल्या अक्षराला छापखान्याच्या अक्षराशी ताडून नापास करणे होय.

फारसी अक्षरांच्या रुपयावर अहमदशहा बादशहाचे नाव आहे. हा मोगल बादशहा १७४८ ते १७५४ गादीवर होता, पण नागपूरकर भोसल्यांच्या अमलात त्याच्या नावाचे रुपये त्याच्या मागेही पडत राहिले. सत्ता मराठ्यांची, नाव दिल्लीचे! रुपयाच्या कडेला सराफाचे तीन बारीक ठसे आहेत. हे नाणे डबीत बंद होण्याआधी जाणकाराने हातात घेऊन वाचले पाहिजे.

राहिला एक रुपया, १९११ सालचा. पंचम जॉर्जच्या झग्यावरील हत्ती या नाण्यावर डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, म्हणून सरकारने तो आवरता घेतला आणि पुढच्या वर्षी चित्र बदलले. सुदैवाने आमचा रुपया कोणी घासलेला नाही. यंत्राचे नाणे, इतरांपेक्षा दुर्मीळ, आणि ज्याची नक्कल करण्याचा मोह कोणालाही पडावा असे. इथे प्रतवारी उपयोगी आहे.

मात्र ती देशातच. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुने नाणे हा पुरावशेष ठरतो, आणि तो खाजगी माणसाने परदेशी पाठवणे हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. 'नुसते तपासायला पाठवले होते' ही सबब चालत नाही. तसेच जमिनीतून दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन निघाले, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे ते कलेक्टरला कळवावे लागते. नांगराला हंडा लागला तर आधी ते कळवणे, मग पुढचे.

तेव्हा मी भावाला निर्णय सांगितला. १९११ चा रुपया प्रतवारीला जाईल. डाख नसलेले साधे रुपये चांदीच्या भावाच्या खाली न जाता, दोन दुकानांत विचारून विकले जातील. फारसी रुपया नागपूरला जाणकारांना दाखवू, तोवर त्याला हात लावायचा नाही. माळेतले अकरा रुपये, शिवराया आणि पाव आणे घरात राहतील. प्रत्येकाचे वजन, छायाचित्र आणि काकांना ते कोणाकडून आले याची काकूंना जेवढी आठवण आहे तेवढी, अशी वही आम्ही केली आहे. काकू सांगतात, पुतणी लिहून घेते.

या विक्रीतून पहिल्या वर्षाची सगळी फी निघणार नाही. अर्धी निघेल असा अंदाज आहे. भावाने हिशेब दोनदा केला, जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "बाकीचं मी बघतो. माळेतले मात्र विकू नको." उरलेल्या पैशांसाठी त्याने पतपेढीत अर्ज दिला आहे. वहीत आजवर सतरा नाण्यांची नोंद झाली आहे.