युनायटेड वर्ल्ड कॉलेज, महिंद्रा
पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात डोंगरावर वसलेले निवासी आंतरराष्ट्रीय महाविद्यालय. स्थापना १९९७. जर्मन शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांच्या विचारांतून, शीतयुद्धाच्या काळात १९६२ मध्ये वेल्समध्ये अटलांटिक कॉलेज सुरू झाले. त्यातून उभ्या राहिलेल्या युनायटेड वर्ल्ड कॉलेज चळवळीची ही भारतातील शाखा. इमारतींचे वास्तुरचनाकार ख्रिस्तोफर बेनिंजर. अनेक देशांतले सोळा ते एकोणीस वर्षांचे विद्यार्थी येथे एकत्र राहून दोन वर्षांचा इंटरनॅशनल बॅकलॉरिएट अभ्यासक्रम पूर्ण करतात. वर्गातल्या धड्यांइतकेच मोलाचे शिक्षण परिसरातल्या राखीव जैवविविधता क्षेत्रात मिळते. सह्याद्रीच्या या उतारांवर पावसाळ्यात कमरेएवढे वाढणारे गवत उन्हाळ्यात वाळून वणव्यांना खाद्य पुरवते. वणवा पसरू नये म्हणून जाळरेषा काढणे, वणवा विझवणे, देशी झाडे जगवणे ही कामे विद्यार्थीही करतात. आसपासच्या गावांशीही त्यांचा संबंध येतो.